तेराव्या प्रकरणाची गाळलेली पानं

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सगळं गाव ‘कडी सर’ म्हणतं. तोंडावर नुसतं ‘सर’, पाठ वळली की ‘कडी सर’. सरांना हे ठाऊक आहे आणि त्याचा त्यांना राग नाही. उलट एकदा नव्या प्राचार्यांनी त्यांना आडनावानं हाक मारली, तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत.

ही कडी एका कादंबरीतली. कॉलेजात वर्षानुवर्षं नेमलेली, जुनी, जाडजूड, धुक्यानं भिजलेली रहस्यकादंबरी. दलदलीच्या काठावर एक अवाढव्य घर, त्यात एक उमराव, त्याची बायको, हातात दिवे घेऊन जिन्यावरून उगीच वरखाली करणारे नोकर, आणि उत्तरेकडच्या मनोऱ्यात एक बंद खोली. तेराव्या प्रकरणात गावचा डॉक्टर त्या खोलीचं दार फोडतो. आत उमरावाची बायको खुर्चीत बसलेली असते. जिवंत, पण केस पांढरे झालेले आणि तोंडातून शब्द नाही. झाडून सगळ्या टीकाकारांनी एकच लिहून ठेवलं होतं की दुष्ट नवऱ्यानं कोंडलं. सरांनी तरुणपणी ते प्रकरण वाचलं आणि अर्ध्या वाक्यावर त्यांचं बोट थांबलं. दार फुटतं तेव्हा कडी निखळून पडते ती खोलीच्या आतल्या बाजूला. म्हणजे कडी आतून लावलेली होती. म्हणजे बाईंना कोणी कोंडलंच नव्हतं.

एवढ्या एका कडीवर सरांनी प्रबंध लिहिला, नोकरी मिळवली, घर बांधलं, आणि माझी बहीणही त्याच कडीवर मिळवली. लग्न ठरवायला आले होते तेव्हा त्यांनी आमच्या वडिलांना तेरावं प्रकरण समजावून सांगितलं. वडील पाणीपुरवठा खात्यात होते. पाहुणे गेल्यावर ते म्हणाले, “मुलगा अभ्यासू आहे. आणि मला कित्येक महिन्यांनी दुपारची गाढ झोप लागली.”

बहिणीला आम्ही लहानपणापासून टकळी म्हणतो. ती बोलायला शिकली ती थांबायचं शिकलीच नाही. शिंक आली तरी वाक्य सोडायची नाही, शिंकेला मधे घेऊन पुढे जायची. वडील म्हणायचे, हिच्या सासरी रेडिओ घ्यायला नको.

तर अशा घरातून एके दिवशी सरांचा मला फोन आला.

“दादा, जरा येऊन जाता का? तुमची बहीण मागच्या खोलीत गेली आहे.”

“मग?”

“बाहेर येत नाही.”

“कधीपासून?”

मग सर म्हणाले, “तसं नेमकं सांगता यायचं नाही. माझ्या लक्षात आलं ते परवा. एक परिच्छेद वाचून दाखवायचा होता, आणि ऐकायला कोणी नव्हतं.”

मी पिशवी भरली आणि गेलो. माझी बायको गेल्यापासून पिशवी भरायला मला वेळ लागत नाही. काय राहिलं ते सांगणारं कोणी नसतं.

घर जिथल्या तिथे होतं. कपडे वाळत होते, ओटा पुसलेला होता, टेबलावर दोन ताटं झाकून ठेवलेली होती. मी येणार हे तिला कसं कळलं, म्हणून विचारलं तर सर म्हणाले, “मी फोन करत होतो तेव्हा तिनं ऐकलं असणार. ती ऐकते सगळं.” सर दुपारी वाचनालयात गेले की ती बाहेर यायची, स्वयंपाक करायची, झाकून ठेवायची, आपलं ताट घेऊन आत जायची आणि कडी लावायची. खोलीला लागून न्हाणीघर होतंच. संसार इतका सुरळीत चालला होता की बायको नाहीशी झाली आहे हे लक्षात यायला साहित्याची गरज पडली.

मी दारावर टकटक केली. “टकळे, मी आलोय.”

“कळलं, दादा. अजून चप्पल घासतच चालतोस. जेवून घे, गार होतंय.”

“तू काय करते आहेस आत?”

“बसले आहे.”

“बरं वाटत नाहीये का?”

“बरं आहे.”

“मग बाहेर ये की.”

“नको.”

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. दुकानदार ‘नाही, तो माल आता येत नाही’ म्हणतो तसा आवाज. मी आयुष्यात तिचं एवढं छोटं बोलणं ऐकलं नव्हतं. मी ताटावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी सुताराला बोलावलं. सरांचा विरोध होता, पण तत्त्वाचा विरोध होता, त्यामुळे सुताराला पुढचं दार त्यांनीच उघडून दिलं. सुतारानं त्या खोलीच्या दारावरून हात फिरवला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “कडी आतून असली म्हणून काय झालं, बिजागऱ्या बाहेर आहेत. सहा स्क्रू काढले की दार हातात.”

सरांचे डोळे चमकले. “कडी आतून आणि बिजागऱ्या बाहेर. म्हणजे प्रतिकार निव्वळ सांकेतिक आहे.”

“सांकेतिक नाही, साहेब. सागवानी आहे.”

त्यानं पहिला स्क्रू सैल केला तेवढ्यात आतून टकळी म्हणाली, “काढू दे त्यांना, दादा. दार नसलं तरी मी इथेच बसणार आहे. वारा तेवढा जास्त येईल.”

सुताराचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, स्क्रू पुन्हा घट्ट केला आणि हत्यारं पिशवीत टाकली. जाता जाता दाराशी मला हळूच म्हणाला, “आमच्या घरीही बाई गप्प असते. पण दार उघडं ठेवून. हे नवीन पाहिलं.”

त्या संध्याकाळी सरांनी आपली खुर्ची त्या दाराबाहेर आणून ठेवली, शेजारी स्टुलावर चष्मा, पाणी आणि कादंबरी. मला वाटलं, आता बायकोची समजूत घालतील. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “अगं, हा योगायोग तुझ्या लक्षात आला का? तेराव्या प्रकरणातही नेमकं हेच होतं.”

मी कपाळावर हात मारला. पण आतून पहिल्यांदाच खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आलाय लक्षात,” टकळी म्हणाली. “मला त्याच प्रकरणावरचा एक प्रश्न विचारायचा आहे. बरोबर उत्तर दिलंत तर बाहेर येते.”

सर सरसावून बसले. इतका सोपा पेपर त्यांना कोणी काढला नव्हता. “विचार.”

“ती बाई आत का जाते?”

माझ्या मेहुण्यांना हे विचारणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. ते सुरूच झाले. ती स्वतःला शिक्षा करून घेते, कारण त्या घरात मूल जगलेलं नाही आणि दोष तिच्या माथी आलेला आहे.

“नाही,” आतून आवाज आला.

बरं, मग घर दलदलीत खचत चाललं आहे आणि खचणाऱ्या घरातली सर्वांत उंच जागा म्हणजे मनोरा. ती वाचण्यासाठी वर जाते.

“नाही.”

त्या प्रकरणात एकही घड्याळ चालू नाही, याकडे सरांनी तिचं लक्ष वेधलं. ती काळ थांबवू पाहते. शिवाय भयकथेत कैदी असतो तसा तुरुंगाधिकारीही असतो, इथे तो नाही. तुरुंग आहे आणि पहारा नाही, हीच तर या प्रकरणाची भीती. हे त्यांनी इतकं सुरेख सांगितलं की मी मान डोलावली.

“नाही हो,” टकळी म्हणाली.

“हे सगळे मुद्दे मान्यताप्राप्त आहेत.”

“असतील. मी सगळे ऐकले आहेत. वर्गात जायच्या आधी तुम्ही माझ्यासमोर तालीम करायचात. मी कपडे पिळत असताना केलीत, पोर तापानं फणफणली होती तेव्हा केलीत. माझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीही केलीत. मला प्रकरण तेरा पाठ आहे. पण तुम्ही दर वेळी तिसऱ्या पानापासून सुरुवात करता.”

सरांनी पुस्तक उघडलं. मी खांद्यावरून डोकावलो. तेराव्या प्रकरणाच्या पहिल्या दोन पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीची फुली होती आणि वर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘गाळा’.

“त्यात काही नाही,” सर म्हणाले. “जेवणाचं वर्णन आहे. परीक्षेला येत नाही.”

“वाचा तर,” टकळी म्हणाली.

आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि ती पानं वाचली. मी कादंबऱ्यांतला माणूस नाही. वडिलांनंतर त्याच खात्यात चिकटलो, आयुष्यभर पाइपच्या गळत्या शोधल्या. पण ती पानं मला एकदम समजली. लांबलचक टेबल, एका टोकाला उमराव, दुसऱ्या टोकाला बायको. उमराव दलदलीतलं पाणी काढायला चर कसे खणायचे ते सांगतो आहे, पानभर सांगतो आहे. तो श्वास घ्यायला थांबतो तेव्हा बायको एकच वाक्य बोलते, “तळ्यावरचे हंस या वर्षी आले नाहीत.” उमराव नोकराला म्हणतो, दिवा जवळ आण. आणि चरांचं पुढे चालू करतो. बायको रुमालाची घडी घालते, उठते. पान संपतं. तिसऱ्या पानावर डॉक्टर येतो आणि दार फोडतो.

सरांनी ते एकदा वाचलं, मग बोट ठेवून वाचलं. मग चष्मा काढून ते भिंतीकडे पाहत राहिले. मला वाटलं, उजेड पडला.

“दिवा,” ते पुटपुटले. “दादा, दिवा बघा. तो दिवा स्वतःजवळ मागवतो, म्हणजे तिच्या टोकाचा उजेड जातो. लेखकानं शब्दही खर्चला नाही, पण त्या क्षणी तिचा चेहरा अंधारात गेला. तिला कोंडलं ते मनोऱ्यात नाही, इथे, भर जेवणात, सगळ्यांच्या देखत. कडी तिनं लावली. दार त्यानं बंद केलं.”

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, माणूस हुशार आहे.

ते तसेच उठून दाराशी गेले आणि उभ्या उभ्या हे सगळं तिला सांगितलं. शेवटी म्हणाले, “ती आत जाते, कारण ती बोलली आणि कोणी उत्तर दिलं नाही.”

मग पावलं दाराजवळ आली.

“बरोबर,” टकळी म्हणाली.

कडीवर तिचा हात पडल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. लोखंड जरासं हललं. सरांनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, “यावर स्वतंत्र लेख होऊ शकतो.”

लोखंड हलायचं थांबलं.

“आता माझं वाक्य सांगा,” दारापलीकडून ती म्हणाली.

“कुठलं?”

“मी बोलले होते ते. मी या खोलीत आले त्या दिवशी, जेवताना. तुम्ही दिवा नाही मागवलात, तुम्ही वर्तमानपत्राचं पान उलटलंत. मी थोडी थांबले. मग ताटं उचलली, ओटा पुसला आणि इथे आले. काय बोलले होते मी?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तर तिथे नव्हतोच. त्यांनी वर पाहिलं, टेबलाकडे पाहिलं, हातातल्या पुस्तकातही पाहिलं. मग ते दाराबाहेरच्या खुर्चीत हळूहळू बसले.

कडीवरचा हात गेला. पावलं परत गेली.

त्या दिवसापासून सरांचं संशोधन सुरू झालं. आयुष्यात त्यांना एकच काम येत होतं, हरवलेल्या वाक्यावर बोट ठेवण्याचं, आणि ते त्यांनी जीव ओतून केलं. यात मला थट्टा करायची नाही. करायची होती, पण त्यांचे डोळे पाहिल्यावर जमलं नाही.

आधी तो दिवस ठरवायचा होता. मग वाचनालयातून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. सरांनी पान पाहिल्याबरोबर ओळखलं. “हेच. पान पाच. पुलाच्या कामाची बातमी, खाली हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात, उजवीकडे बुद्धिबळाचं कोडं. घोडा चुकीच्या घरात छापला होता.” पाचवं पान त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. मग त्यांनी सहावं पान आठवून दाखवलं, तेही पाठ. पाच आणि सहा यांच्या मधे बायको काहीतरी बोलली होती आणि तेवढी जागा कोरी होती.

मग अंदाज सुरू झाले. सकाळी चहा झाला की सर दाराशी बसायचे.

“भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारलं होतंस?”

“तेही विचारलं होतं. पण ते नव्हे.”

“गच्चीवरचा नळ गळतो आहे?”

“तेही बोलले होते. चारदा.”

तो नळ मी जाऊन दुरुस्त केला. माझ्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं.

“मुलीचा बऱ्याच दिवसांत फोन नाही?”

“तेही. ते नव्हे.”

“शेजारच्या बाई घर सोडून चालल्या, आता बोलायला कोणी उरलं नाही?”

“तेही बोलले होते.”

असे दिवसचे दिवस गेले. पहिले काही दिवस सर उत्साहात होते, कारण त्यांचा एकही अंदाज साफ चुकत नव्हता. ते जे जे म्हणत, ते ते ती कधी ना कधी बोललेली निघत होती. एके सकाळी ते म्हणाले, “डाव्या हाताला मुंग्या येतात?”

“तेही बोलले होते.”

मी ताडकन उठलो. “मुंग्या? टकळे, कधीपासून?”

“ते झालं, दादा. त्याला दोन उन्हाळे होऊन गेले. आपोआप गेल्या.”

सर मात्र वेगळ्याच विचारात होते. ते दाराकडे झुकून जवळजवळ आनंदानं म्हणाले, “अगं, पण म्हणजे मला हे सगळं ऐकू येत होतं. माझ्या लक्षात आहे बघ सगळं. मी ऐकत होतो.”

मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण वाक्य निसटलं होतं.

आतून आवाज आला. “तेच तर.”

त्यानंतर सर दोन दिवस दाराशी बसले नाहीत.

भाचीचा फोन यायचा. ती दुसऱ्या शहरात, नोकरी आणि दोन मुलं. “मामा, आईला म्हणावं माझ्याकडे ये.”

“सांगितलं. म्हणाली, तिथेही जेवायचं टेबल आहे.”

“मग बाबांना म्हण, सरळ माफी मागा.”

“म्हटलं. कशाबद्दल ते कळल्याशिवाय माफी मागणं म्हणे अप्रामाणिकपणा.”

“मामा, या दोघांनी मला वाढवलं, हे मी माझ्या मनाच्या डॉक्टरला सांगते तेव्हा तो लिहून घेतो.” ती हसली, मग हसता हसता तिचा आवाज फुटला. “ती मलाही फोनवर काहीतरी सांगत असायची रे. मी स्पीकरवर टाकून डबे भरायची.”

मी म्हटलं, रडू नकोस, डबे भर.

सर वाचनालयात असताना मी टकळीशी बोलायचो. ती स्वयंपाकघरात यायची तेव्हा मी मुद्दाम बाहेर थांबायचो, तिला अवघडायला नको म्हणून. एकदा राहवलं नाही. ती कणीक भिजवत होती. पाठमोरी. मनगटं बारीक झाली होती.

“मला सांग ना ते वाक्य. मी कोणाला सांगणार नाही.”

“तू सांगशील. तुला त्यांची दया येते.”

“तुझी येत नाही का मला?”

“माझी येते म्हणूनच सांगशील. मग ते दाराशी येऊन ते वाक्य म्हणतील, आणि त्याला उत्तरही देतील. फार चांगलं उत्तर देतील. उताऱ्यासकट.” तिनं हात धुतले. “ते मग परीक्षेचं उत्तर झालं, दादा. मला गुण द्यायचे नव्हते. मला बोलायचं होतं.”

“एवढं काय होतं गं त्यात?”

“काही नव्हतं. साधं होतं. साधं होतं म्हणून तर बोलले.” ती ताट घेऊन दाराशी गेली आणि थांबली. “दिवसभर ते एक वाक्य धरून बसते बघ. तेवढंच माझ्याकडे आहे, ज्याचं अजून काही झालेलं नाही.”

कडी लागली. मी ओट्यापाशी उभा राहिलो. भांडी निथळत होती. मी माझ्या बायकोची वाक्यं आठवू लागलो, आणि थोड्या वेळानं आठवायचं थांबवलं.

सर पुन्हा बसायला लागले ते पुस्तकबिस्तक न घेता, विस्कटलेल्या केसांनी. आता उत्साह नव्हता. माणूस आपली तिजोरी रिकामी करत होता. इतकी वर्षं कानाआड केलेलं सगळं त्यांनी एकेक करून बाहेर काढलं. पडदे धुवायला हवेत. जिन्यावर पाय घसरला. आज उगीच आईची आठवण आली. चष्म्यातून अक्षरं हलतात. तुम्हाला निळा शर्ट बरा दिसतो. कधीतरी समुद्र पाहायला जाऊ या. त्या माणसानं नुसती वाक्यंच नाही, ती म्हणतानाचा तिचा सूरही जसाच्या तसा काढून दाखवला. मी ऐकत होतो आणि मला माझ्या बहिणीचं अख्खं लग्न ऐकू येत होतं, एका बाजूनं.

“तेही बोलले होते,” आतून यायचं. “ते नव्हे.”

मग एका सकाळी सर म्हणाले, “अंगणातलं झाड यंदा वाळलं वाटतं?”

आतून टकळी अडखळली. “हे... हे नव्हे बहुतेक.”

‘बहुतेक’ हा शब्द मी ऐकला. सरांनीही ऐकला. त्यांना वाटलं जवळ आलो, म्हणून ते घाईघाईनं पुढे गेले. झाड तोडू या? झाडावर पक्षी बसत नाही? झाडाला पाणी कोण घालतं? मग ती म्हणाली, “जरा थांबा. एकदम नका सांगू.” पण सर थांबले नाहीत. इतक्या दिवसांनी तिनं ‘ते नव्हे’ म्हटलं नव्हतं. त्यांनी झाड सोडून खिडकी घेतली, खिडकी सोडून पाऊस घेतला. हौदाची तोटी तुटल्यावर पाणी वाहावं तसे ते बोलत होते, आणि पाण्याला आवरायचं कसं हे माहीत असलेला माणूस शेजारी नुसता बसून होता.

“थांबा ना,” ती म्हणाली. आवाज अगदी लहान होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं टेबलाशी बसलो होतो. कडी निघाल्याचा आवाज आला आणि टकळी बाहेर आली. केस विंचरलेले, साडी नीट. तिनं तिसरा कप घेतला, चहा ओतला आणि आपल्या खुर्चीवर बसली. सर अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले.

“बस. म्हणजे, बसलीसच,” ते म्हणाले. “मग? पाऊस होतं ना? कालचं ते पावसाचं?”

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मला आता आठवत नाही. तुम्ही इतकी सांगितलीत. सगळी माझीच होती. त्यात ते कुठे गेलं कळलं नाही. रात्रभर शोधलं.” तिनं चहाचा घोट घेतला. “आता आत बसून काय करू?”

सरांनी खुर्चीत बसत मोठा श्वास सोडला. त्यांचा चेहरा कसा होता ते मला सांगता येत नाही. सुटका होती त्यात, आणि सुटकेची शरमही होती. ते तिचा हात हातात घेणार होते, घेतलाही. तिनं तो काढला नाही. टेबलावर राहू दिला, एखादी वस्तू राहू द्यावी तसा.

“बोल ना आता,” सर म्हणाले. “काहीही बोल. मी ऐकतो आहे. हे बघ, वर्तमानपत्रही नाही.”

खरंच नव्हतं. त्यांनी ते बंद करून टाकलं होतं.

तिनं आमच्याकडे पाहिलं, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. आढेवेढे घेत नव्हती, रुसलेलीही नव्हती. मनापासून शोधत होती. खिडकीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. ओठ हलले आणि मिटले. चहावर साय धरली.

“काय बोलू?” तिनं विचारलं.

आम्ही दोघं म्हातारे पुरुष तिच्या तोंडाकडे पाहत बसलो, आणि आम्हाला काही सुचेना.